जलतापक, घरगुती : गंज व संरक्षण

स्नान, धुणेभांडी इ. घरगुती कामांसाठी पाणी तापविणाऱ्या साधनास जलतापक म्हणतात. चुलाण्यावरील हंडा, तांब्याचा बंब, वायूवर वा विजेवर चालणारा गीझर आणि सौर जलतापक हे त्याचे महाराष्ट्रात रूढ झालेले प्रकार होत. या सर्वांत धातू, पाणी, उष्णता आणि ऑक्सिजन एकत्र येतात. त्यामुळे धातू गंजणे हा त्यांचा समाईक दोष आहे. या दोषाच्या निवारणाचे दोन टप्पे इतिहासात दिसतात. पहिल्या टप्प्यात सहजी न गंजणाऱ्या पदार्थाची निवड आणि नित्याची स्वच्छता यांवर भर होता. दुसऱ्या टप्प्यात स्वस्त पण गंजणाऱ्या पोलादाची बंद टाकी आली व तिचे रक्षण मुलामे आणि विद्युत् रासायनिक उपाय यांच्याकडे सोपविण्यात आले. हे उपाय परिणामकारक असले, तरी ते डोळ्यांआड काम करतात व कालांतराने संपतात. त्यांची देखभाल न झाल्यास टाकी आतून पोखरली जाते. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या पाणीपुरवठ्याच्या व तेथील घरगुती वापराच्या संदर्भात हे स्थित्यंतर स्पष्टपणे पाहता येते.

खापरी नळ व हमामखाने : निजामशाहीचा वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) याने १६१० मध्ये खडकी हे गाव वसविले. पुढे औरंगजेबाच्या नावावरून त्यास औरंगाबाद हे नाव मिळाले व २०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर असे करण्यात आले. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबराने या नगरासाठी नहर-ए-अंबरी ही भूमिगत जलवाहिनी बांधविली. शहराच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात झिरपणारे पाणी एकत्र करून ते केवळ उताराच्या बळावर वस्तीत आणण्यात आले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील प्रसिद्ध पाणचक्कीलाही डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून आणून, ते उंच भिंतीवर चढवून हौदात सोडलेले आहे. भाजलेली माती, दगड व चुना हे या सर्व योजनांतील मुख्य पदार्थ होत. खापरी नळ आघाताने फुटतो, गाळाने वा झाडांच्या मुळांनी तुंबतो. परंतु तो गंजत नाही. कारण भाजलेल्या मातीतील घटक आधीच ऑक्साइडांच्या स्थिर रूपात असतात.

मध्ययुगीन हमामखान्यांतही हेच तत्त्व आढळते. शहरापासून सु. १५ किमी. अंतरावरील दौलताबादच्या किल्ल्यात हमामखान्याचे अवशेष आहेत. अशा वास्तूंत पाणी तापविण्याची भट्टी एका बाजूस ठेवून गरम व थंड पाणी भिंतींत बसविलेल्या नळांतून खोल्यांत नेले जाई. धातूचा वापर प्रामुख्याने प्रत्यक्ष विस्तवावर ठेवावयाच्या भांड्यापुरता, म्हणजे तांब्यापुरता मर्यादित असे. गंजण्याचा प्रश्न त्यामुळे थोड्या जागेत बंदिस्त झाला होता.

तांब्याचा बंब : सामान्य घरात पाणी तापविण्याचे काम न्हाणीघरातील चुलाण्यावर बसविलेला तांब्याचा हंडा करी. त्यातील पाणी घंगाळात काढून विसण घालीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्यमवर्गीय घरांतून बंबाचा प्रसार झाला. बंब हे तांब्याचे दंडगोलाकृती भांडे असून त्याच्या मध्यातून एक उभी नळी जाते. या नळीत लाकडाच्या ढलप्या, गोवऱ्या किंवा कोळसा पेटवितात. राख खालच्या जाळीतून पडते व धूर वरून बाहेर जातो. नळीच्या भोवती असलेले पाणी सर्व बाजूंनी तापते आणि खालच्या अंगास बसविलेल्या पितळी तोटीतून काढले जाते. पुण्याची तांबट आळी व नासिकची भांडीबाजारपेठ या अशा कामाबद्दल प्रसिद्ध होत्या.

तांबे विद्युत् रासायनिक दृष्ट्या लोखंडापेक्षा पुष्कळच कमी क्रियाशील आहे. पाण्यात त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडाचा पातळ व घट्ट थर तयार होतो आणि तोच पुढील झीज रोखतो. बंब दीर्घकाळ टिकण्याचे दुसरे कारण त्याच्या रचनेत आहे. तो वरून उघडता येतो व वातावरणाशी जोडलेला असतो. पाणी तापत जाते तसा त्यात विरघळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो. उघड्या भांड्यात लोखंडाचा गंजण्याचा वेगदेखील तापमानाबरोबर सु. ८०° से. पर्यंत वाढतो व त्यानंतर ऑक्सिजन निघून गेल्यामुळे उतरतो. बंद टाकीत मात्र ऑक्सिजनाला वाट नसल्याने तापमान वाढेल तसा हा वेग वाढतच राहतो. बंब व गीझर यांतील हा मूलभूत फरक आहे.

तिसरे कारण देखभालीचे. चिंच व राख यांनी बंब घासण्याची पद्धत होती आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानापूर्वी तर तो आतून-बाहेरून लखलखीत केला जाई. चिंचेतील टार्टारिक अम्लामुळे तांब्यावरील काळपट थर आणि पाण्यातील चुन्याची पुटे सुटतात. ही चाल शोभेची मानली जात असली, तरी तिच्यामुळे भांड्याची नियमित तपासणी होई. झाळलेला सांधा पाझरू लागला किंवा तळ पातळ झाला, तर ते वेळीच ध्यानात येऊन बंब तांबटाकडे जाई. बंबाचे दुबळे अंग म्हणजे त्याची पितळी तोटी. काही पाण्यांत पितळेतील जस्त विरघळून जाते व मागे सच्छिद्र, तांबूस व ठिसूळ तांबे उरते.

स्वयंपाकाच्या भांड्यांना कल्हई करण्याच्या प्रथेत संरक्षक मुलाम्याचे तत्त्व पूर्वीपासून वापरात होते. भांडे तापवून त्यावर नवसागर टाकला की पृष्ठावरील ऑक्साइड निघून जाते आणि स्वच्छ झालेल्या धातूवर वितळलेले कथिल सहज पसरते. कल्हईचा मुख्य हेतू आंबट पदार्थांत तांबे उतरू नये हा होता. मुलामा निघाला की तो पुन्हा द्यावयाचा असतो, ही जाणीव मात्र या प्रथेने घरोघर रुजविली होती.

गंजण्याची क्रिया व तिचा शोध : ओल्या धातूच्या पृष्ठावर सूक्ष्म विद्युत् घट तयार होतात. लोखंडाचे काही बिंदू धनाग्र बनतात. तेथे लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. हे इलेक्ट्रॉन धातूमधून शेजारच्या ऋणाग्र भागाकडे जातात व तेथे पाण्यातील ऑक्सिजनाशी संयोग पावून हायड्रॉक्साइड आयन निर्माण करतात. दोहोंच्या मीलनातून तांबूस गंज तयार होतो. तांब्यावरील थराप्रमाणे तो घट्ट बसत नाही. सच्छिद्र व सुटा असल्याने त्याखालील धातू गंजतच राहतो. हायड्रोजनाच्या मानाने प्रमाण विद्युत् वर्चस् मॅग्नेशियमाचे −२·३७, जस्ताचे −०·७६, लोखंडाचे −०·४४ व तांब्याचे +०·३४ व्होल्ट आहे. दोन धातू एकमेकांस जोडून पाण्यात ठेवले असता सामान्यतः अधिक ऋण वर्चस् असलेला धातू झिजतो व दुसरा सुरक्षित राहतो.

या तत्त्वाचा संरक्षणासाठी उपयोग करण्याचे श्रेय ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्री डेव्ही यांना आहे. लाकडी जहाजांच्या तळावर बसविलेले तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यात झिजत. १८२४ मध्ये डेव्ही यांनी त्या पत्र्यांना लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडले व तांब्याची झीज थांबते असे दाखविले. प्रयोग शास्त्रदृष्ट्या यशस्वी झाला. परंतु तांबे विरघळणे थांबल्याने त्याचा विषारी परिणामही थांबला आणि जहाजांच्या तळाला सागरी जीव चिकटू लागले. त्यामुळे ही पद्धत त्या वेळी मागे पडली. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानीस्लास सोरेल यांनी लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. जस्ताच्या मुलाम्याला ओरखडा पडला, तरी उघड्या पडलेल्या लोखंडाऐवजी सभोवतालचे जस्त झिजते. कथिलाचा मुलामा लोखंडावर दिला असता याच्या उलट घडते : ओरखड्यापाशी लोखंडच अधिक वेगाने गंजते. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट कून यांनी जमिनीतील वायुवाहिन्यांना हे ऋणाग्री संरक्षण दिले, तेव्हापासून त्याचा औद्योगिक वापर वाढला.

गीझरचा उदय : लंडन येथील बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ मध्ये वायूवर तत्काळ पाणी तापविणारे साधन तयार केले व आइसलँडमधील उष्णोदकाच्या कारंज्यावरून त्यास गीझर हे नाव दिले. १८८९ मध्ये अमेरिकेत एडविन रूड यांनी साठवणीची टाकी असलेला स्वयंचलित जलतापक बनविला. पाणी साठू लागले, तसा टाकी गंजण्याचा प्रश्न पुढे आला. प्रथम जस्तलेपित पोलादाच्या टाक्या वापरात आल्या. पण त्यांत एक अनपेक्षित दोष आढळला. बायकार्बोनेटांचे प्रमाण अधिक असलेल्या पाण्यात तापमान सु. ६०° से. च्या वर गेले असता जस्तावर असा थर बनू शकतो की, जस्त व लोखंड यांचा परस्परसंबंध उलटतो. अशा वेळी जस्त लोखंडाचे रक्षण करण्याऐवजी त्याला भोके पाडण्यास मदत करते. बादलीला किंवा थंड पाण्याच्या टाकीला उत्तम ठरलेला मुलामा गरम पाण्यात बेभरवशाचा ठरला, तो यामुळे.

यावर १९३६ मध्ये ए. ओ. स्मिथ या अमेरिकी कंपनीने पोलादी टाकीला आतून काचेचा मुलामा देण्याची पद्धत आणली. काचेची भुकटी पाण्यात कालवून टाकीच्या आतील अंगास लावतात व ८००° से. हून अधिक तापमानाला भाजून ती पोलादाशी एकजीव करतात. काचेवर पाण्याचा परिणाम अत्यल्प होतो. परंतु सांधे, कडा व नळीची तोंडे यांजवळ सुईच्या अग्राएवढी छिद्रे राहून जातातच. ती झाकण्यासाठी टाकीत मॅग्नेशियमाचा गज सोडतात. हा गज म्हणजे डेव्ही यांच्या प्रयोगातील तुकड्याचाच वंशज होय : तो स्वतः झिजतो व उघड्या पोलादाला ऋणाग्र बनवून वाचवितो. म्हणून त्यास त्यागी धनाग्र म्हणतात.

छत्रपती संभाजीनगरचे पाणी : कोणते संरक्षण किती काळ टिकेल, हे पाण्यावर अवलंबून असते. मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकातून झिरपणाऱ्या विहिरींच्या व विंधन विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे सामान्यतः अधिक असतात, म्हणजेच ते कठीण (जड) असते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण काठिण्य दर लिटरला २०० मिग्रॅ. पर्यंत स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिग्रॅ. पर्यंत चालते. क्लोराइडांसाठी याच मर्यादा अनुक्रमे २५० व १,००० मिग्रॅ. आहेत. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही टाकीच्या दृष्टीने कठोर असू शकते.

शहराचा आधुनिक पुरवठा गोदावरीवरील जायकवाडी प्रकल्पाशी जोडलेला आहे. पैठणजवळील या धरणाची कोनशिला १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. नाथसागर जलाशयाचे पाणी प्रथम ७०० मिमी. व नंतर १,४०० मिमी. व्यासाच्या वाहिन्यांतून उपसून शहरात आणण्यात आले. वाढत्या लोकसंख्येला हे पाणी अपुरे पडू लागले, तसेच जुन्या वाहिन्यांच्या गळतीने व फुटींनी पुरवठ्यात वारंवार खंड पडू लागला. २०२० च्या सुमारास शहराच्या अनेक भागांत कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी मिळत असे. त्यानंतर २,५०० मिमी. व्यासाच्या पोलादी वाहिनीची नवी योजना हाती घेण्यात आली.

खंडित पुरवठ्याचा जलतापकाशी निकटचा संबंध आहे. पुरवठा बंद असताना नळ रिकामे होऊन त्यांत हवा शिरते. ओल्या लोखंडी पृष्ठावर ऑक्सिजन मुबलक मिळून गंज चढतो व पाणी सुटले की तो वाहत येतो. पोलादी टाकीच्या तळाशी हा गाळ बसला, तर त्याखाली ऑक्सिजन पोहोचत नाही व ती जागा धनाग्र बनून तेथे खोल खड्डा पडतो. शिवाय धरणाचे पाणी न आल्यास छतावरची टाकी विंधन विहिरीच्या किंवा टँकरच्या पाण्याने भरली जाते. त्यामुळे एकाच गीझरला आठवड्यात दोन-तीन प्रकारचे पाणी मिळते. एका पाण्यात साचलेला थर दुसऱ्या पाण्यात सुटतो व स्थिर संरक्षक थर तयार होण्यास अवसर मिळत नाही.

कठीण पाणी सर्वथा अपायकारकच असते असे नाही. तापविल्यावर त्यातून कॅल्शियम कार्बोनेट अलग होऊन धातूवर बसते. हा थर पातळ व सलग असेल, तर तो गंजापासून रक्षण करतो. अमेरिकी अभियंते विल्फ्रेड लँगेलियर यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या निर्देशांकावरून एखादे पाणी असा थर देईल की असलेला थर विरघळवील, याचा अंदाज करता येतो. परंतु गीझरमध्ये हा थर सर्वांत जास्त तापणाऱ्या विद्युत् घटकावर जाड होत जातो. तो उष्णतेचा मंदवाहक असल्याने घटकाची उष्णता पाण्यात जाण्यास अडथळा येतो, त्याचे स्वतःचे तापमान वाढते व त्याचे आवरण फुटते. वीजही अधिक काळ चालू ठेवावी लागते.

संरक्षणाच्या आधुनिक पद्धती : (१) काचलेपित पोलाद व मॅग्नेशियम गज : ही सर्वांत प्रचलित पद्धत होय. एक किग्रॅ. मॅग्नेशियमापासून तत्त्वतः सु. २,२०० अँपिअर-तास विद्युत् भार मिळू शकतो. प्रत्यक्षात त्यातील सु. निम्माच रक्षणास उपयोगी पडतो, कारण उरलेले मॅग्नेशियम पाण्याशी थेट विक्रिया होऊन खर्ची पडते. पाण्यातील क्षारांमुळे विद्युत् संवाहकता वाढते व गज लवकर संपतो. घरात पाणी मृदू करण्याचे यंत्र बसविले असेल, तर पुटे कमी बसतात. पण कॅल्शियमाच्या जागी सोडियम आल्याने संवाहकता टिकून राहते व संरक्षक थर मात्र बनत नाही. अशा घरात गजाची तपासणी अधिक वेळा करावी लागते. सल्फेटयुक्त पाण्यात काही सूक्ष्मजंतूंमुळे सडक्या अंड्यासारखा वास येतो. तेव्हा ॲल्युमिनियम-जस्त मिश्रधातूचा गज वापरतात. टायटॅनियमाच्या न झिजणाऱ्या धनाग्रास बाहेरून अल्प प्रवाह पुरविण्याची पद्धतही आहे.

(२) अगंज पोलाद : यातील क्रोमियमामुळे पृष्ठावर अतिशय पातळ, आपोआप भरून येणारा ऑक्साइडाचा थर असतो. तथापि गरम पाण्यातील क्लोराइडे हा थर ठिकठिकाणी भेदतात. वितळजोडाजवळ बारीक खड्डे वा भेगा पडून टाकी पाझरते. क्लोराइडे अधिक असलेल्या विंधन विहिरीच्या पाण्यास म्हणूनच हा पदार्थ निर्धोक मानता येत नाही.

(३) तांबे : भारतात साठवणीच्या विद्युत् जलतापकांत तांब्याच्या टाक्या दीर्घकाळ वापरल्या गेल्या. टाकी टिकाऊ असली, तरी तिच्यातून बाहेर पडणारे गरम पाणी जस्तलेपित लोखंडी नळांतून नेल्यास दोष उद्‌भवतो. पाण्यातून वाहत आलेले तांब्याचे सूक्ष्म कण नळाच्या आतील अंगावर बसतात व प्रत्येक कणाभोवती नळ पोखरला जातो. प्रवाहाच्या दिशेने तांबे आधी व जस्तलेपित लोखंड नंतर, अशी मांडणी टाळावी. तसेच दोन धातूंच्या जोडावर विद्युत् निरोधक सांधा वापरावा.

(४) बहुवारिक पदार्थांचे अस्तर : हे धातूला पाण्यापासून पूर्णतः अलग ठेवते. परंतु उच्च तापमानाला ते जुने होऊन सुटू शकते. सौर जलतापकांतही टाकीचे प्रश्न हेच असून शिवाय तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांच्या पुटांनी तुंबतात. तेथे कठीण पाणी नळ्यांत न सोडता उष्णता-विनिमयकाच्या साहाय्याने तापविणे श्रेयस्कर ठरते.

देखभाल : पाणी सु. ६०° से. पेक्षा अधिक तापविल्यास पुटे व गंज दोन्ही झपाट्याने वाढतात; मात्र फार कमी तापमानाच्या साठ्यात रोगजंतू वाढण्याचा धोका असतो. म्हणून ५५° ते ६०° से. हे तापमान व्यवहारात योग्य समजले जाते. वर्षातून एक-दोनदा वीज तोडून, पाणी निवू देऊन टाकीचा तळ धुवून काढावा. गज वर्षा-दोन वर्षांनी काढून पाहावा व त्याच्या गाभ्यातील पोलादी तार उघडी पडली असल्यास तो बदलावा. गरम पाणी तांबूस येणे, तापताना आत कडकड आवाज होणे व पाणी तापण्यास पूर्वीपेक्षा वेळ लागणे ही पूर्वसूचक लक्षणे होत. पाणी थंड असतानाही तांबूस येत असेल, तर दोष टाकीचा नसून नळांचा असण्याचा संभव अधिक असतो. सुरक्षा-झडप पुटांनी वा गंजाने अडकली, तर टाकीतील दाब वाढून ती फुटण्याचा धोका संभवतो. यास्तव ती चालते की नाही, याची तपासणी जाणकाराकडून करून घेणे आवश्यक आहे. साठवणीच्या विद्युत् जलतापकांच्या सुरक्षिततेसंबंधी भारतीय मानक २०८२ लागू आहे.

बंब मागे पडण्याची कारणे सरपणाची टंचाई, धूर, तांब्याची महागाई आणि लहान घरे ही होती. त्याजागी आलेला गीझर निःसंशय अधिक सोयीचा आहे. परंतु बंबाबरोबर त्याची वार्षिक साफसफाई व तांबटाकडील डागडुजी हीही लोपली आणि तिची जागा घेणारी सवय रूढ झाली नाही. मॅग्नेशियमाचा गज हा टाकीच्या मानाने अल्प किमतीचा भाग आहे. तो वेळेवर न बदलल्यामुळे सबंध टाकी टाकून द्यावी लागते व फुटलेल्या टाकीतून पाणीही वाया जाते. जेथे पाण्याची वाट कित्येक दिवस पाहावी लागते, अशा शहरात ही हानी केवळ खर्चाची राहत नाही.